शिंगराला बादलीनंच पाजावं

माझ्या मावशीला सल्ला विचारावा लागत नसे. तुम्ही फाटकातून आत आलात की ती आधी तुमच्या घोड्याच्या पायांकडे बघायची आणि मग तुमच्या तोंडाकडे. "मागच्या डाव्या खुराला वास मारतोय. ओल्यात बांधता ना? आधी जागा कोरडी करा, औषधाचं मग बघू," हे झाल्यावर मग "या, बसा." काही लोक नुसते चहाला आले तरी जाताना आपल्या गाईचं काय चुकतंय ते ऐकून जायचे. गाय घरी, तीन शेतं पलीकडे. मावशीने पाहिलेलीही नसायची. माणसाच्या अंगाला येणाऱ्या वासावरून ती सांगायची, आणि वैताग असा की बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

तिचं घर लांबलचक होतं. एका टोकाला गोठा, दुसऱ्या टोकाला माणसं, आणि मध्ये एका अंगाला, बोळाच्या कडेला, दुधाची खोली. तिथे बादल्या, चरव्या, गाळायची फडकी आणि सिमेंटचा हौद. गोठ्याची आणि घराची भिंत एकच असल्यामुळे गाईंनी रवंथ सुरू केला की स्वयंपाकघरात कळायचं. मी सुट्टीला गेले की मला त्या भिंतीलगतची खाट मिळायची. पहिल्या रात्री झोप यायची नाही आणि परत घरी गेल्यावर त्या आवाजावाचून यायची नाही. गाई, थोड्या शेळ्या, मनाला येईल तिथे अंडी घालणाऱ्या कोंबड्या आणि गाडी ओढणारी एक करडी घोडी, असा तिचा संसार होता. त्यात काकाही होते, पण ते शेवटी आठवतात. ते गरीब स्वभावाचे होते. मावशी बोलायची आणि काका करायचे, अशी दोघांची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती.

मावशीचे सल्ले कुठल्या पुस्तकातले नव्हते. आधी गव्हाण, मग आपलं ताट. गुरानं वैरण टाकली तर औषध शोधत पळू नका, आधी पाण्याचं भांडं हुंगून बघा. तुम्ही पिणार नाही ते पाणी तिनं का प्यावं? घोड्याच्या मागून जायचं तर बोलत जा, बोलायला काही नसेल तर मला शिव्या देत जा, पण गप्प जाऊ नका. विकायचं वासरू असेल तर त्याला नाव ठेवू नका. हा शेवटचा नियम सांगताना तिचा आवाज जरा उतरायचा, कारण काकांनी तो कधीच पाळला नव्हता.

एका गोष्टीवर मात्र ती उसळायची. कोणी सहज म्हणालं, "जनावरच ते, त्याला काय कळतं," तर त्याची खैर नसे. दूध न्यायला येणारा एकदा असं बोलला, तर तिने त्याच्या हातातली भरलेली किटली काढून घेतली. "ज्याला काही कळत नाही त्याचं दूध कशाला पिता?" तो बिचारा दुसऱ्या दिवशी गाईकडे बघून नमस्कार करायचा तेवढा बाकी होता.

आणि शिंगरांबद्दल तिचं म्हणणं पक्कं होतं. आई मेलेलं शिंगरू कोणाकडे असलं की लोक तिच्याकडेच यायचे. शेजारच्या शेतावरची एक मुलगी असंच शिंगरू सांभाळत होती, मांडीवर त्याचं डोकं घेऊन, हातात बाटली धरून. मावशीने ते पाहिलं आणि बाटली हिसकावून कुंपणापलीकडे फेकली. मी तेव्हा तिथेच होते.

"बादली खुंटीला अडकव. त्याचं तोंड बुडव, प्यायला लागलं की बाहेर ये. गाईच्या दुधात थोडं पाणी घाल, जराशी साखर घाल, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा दे. पण हातानं नाही."

"पण मावशी, किती गोड आहे ते. माझ्या अंगावर उड्या मारतं."

"आईच्याच अंगावर मारायच्या त्या उड्या. ती त्याला चावते, मग ते शिकतं. तू चावणार आहेस का? आज ते तुझ्या गुडघ्याला लागतंय म्हणून हसतेस. मोठं झाल्यावर छातीला लागेल. आणि त्याला कळणारसुद्धा नाही की त्याचं काय चुकलं."

मग ती म्हणायची, आसपास एखादी म्हातारी तिरसट घोडी बघ आणि तिच्याजवळ ठेव. ती चावेल, लाथ दाखवेल, वैरणीवरून हाकलेल. तुला दया येईल, पण मध्ये पडू नकोस. घोड्याला घोडं व्हायला घोडंच शिकवतं. त्या मुलीने रडत रडत ऐकलं. तिचं शिंगरू पुढे शहाणं निघालं. लहान मुलांना पाठीवर घेऊन फिरायचं.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं ज्या बाईच्या घरात झालं ती हीच. तिला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. तिने स्वतःही कधी म्हटलं नाही.

त्या वर्षी थंडी सुरू होता होता काका वैरणीच्या माळ्यावरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. जिना चढणं शक्य नव्हतं म्हणून त्यांची खाट दुधाच्या खोलीत आणली. हाड जुळलं, पण काका उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. समोर ताट ठेवलं की दोन घास खायचे, काढून घेतलं की तेही विचारायचे नाहीत. आधीच कमी बोलणारा माणूस, आता अजिबात बोलेना. डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालंय. आता यांनी पायावर उभं राहायला हवं, आणि ते यांच्या मनात आलं तरच. असेच पडून राहिले तर अवघड आहे." कशाचं अवघड हे मावशीने विचारलं नाही. गुरांच्या बाबतीत हाच सल्ला ती स्वतः देत आली होती: आडवं पडलेलं जनावर आधी उभं करा, बाकीचं सगळं नंतर. पण गाईला दोरानं आणि चौघांच्या खांद्यानं उठवता येतं. नवऱ्याला कसं उठवायचं ते तिला कळेना.

आणि त्यातच करडी घोडी व्याली. शिंगराला चीक मिळाला, तेवढं आईपण तिच्या वाट्याला आलं. मग तिला ताप चढला आणि ती गेली. बाहेर गारठा होता. मावशीने शिंगरू पोत्यात गुंडाळून आणलं आणि दुधाच्या खोलीच्या दाराशी, बोळात ठेवलं. "दोन दिवसांचा पाहुणा आहे," ती काकांना म्हणाली, "ऊब धरली की जाईल गोठ्यात." काकांनी मान वळवली नाही. तिने खुंटीला बादली अडकवली, आपल्याच नियमाप्रमाणे.

पुढचं मला तिने कितीतरी वर्षांनी सांगितलं, पण तपशील एकही चुकला नसेल.

पाहुणा, हेच मग त्याचं नाव पडलं, रात्रभर ओरडत होता. सकाळी ती गाईंचं आटोपून आली तर काका खाटेवर बसलेले. त्यांच्या हातात कुठूनशी शोधलेली बाटली होती. कशी शोधली, कोण जाणे. म्हणजे ते खाटेवरून उतरले होते. शिंगराचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. "अगं, याला भूक लागली होती," काका म्हणाले. कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले होते. मावशीने बादली खुंटीवरून काढली आणि धुवायला नेली.

मग काका रोजच त्याच्यासाठी उठायला लागले. आधी भिंतीला धरून, मग काठीवर. पाहुणा त्यांच्या मागे मागे बोळातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात. तो त्यांची टोपी दातात धरून ओढायचा, काका त्याला ओरडायचे आणि टोपी मुद्दाम त्याच्या तोंडापाशी न्यायचे. एका सकाळी मावशी दुधाची बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आली तेव्हा काका अंगणाच्या मधोमध उभे होते. काठी जमिनीवर पडलेली. पाहुणा मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे दोन्ही पाय काकांच्या खांद्यांवर. आणि काका त्याला धरून, कशाचाही आधार न घेता उभे राहून, मोठमोठ्यानं हसत होते.

"मी तोंड उघडलं होतं," मावशी मला म्हणाली. "'खाली उतरवा त्याला', हे शब्द जिभेवर होते. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर त्यांची सात पिढ्यांची अक्कल काढली असती. पण मी शब्द गिळला. म्हटलं, आज नको, उद्या सांगते. आज त्यांना हसू दे."

तो उद्या काही आला नाही. काका बरे झाले. गोठ्यात जायला लागले, कुरकुर करायला लागले, ताट पुन्हा मागायला लागले. मावशीचा जीव भांड्यात पडला. पण रोज सकाळी तेच: काकांनी आपल्या खांद्यावर थोपटायचं आणि पाहुण्याने पाय टेकवायचे. एकदा धीर करून ती म्हणाली, "अहो, शेजारच्या शेतावर ती म्हातारी घोडी आहे. थोडे दिवस याला तिच्याकडे ठेवू या का? जरा वळण लागेल." काका म्हणाले, "अजून लहान आहे गं. ती चावते." ते असे म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करतील की काय, या भीतीने तिने विषय सोडला. जगाला वळण लावणारी बाई घरातल्या घरात नवऱ्याचा चेहरा बघून बोलू लागली. मला अजून तिचा राग येतो आणि लगेच तो माझाच मला पटेनासा होतो. मी तरी काय केलं असतं?

पाहुणा मोठा झाला आणि काय देखणा झाला! छाती रुंद, आयाळ दाट, अंगात खोट नाही. त्याला खच्ची करायला आलेले गुरांचे डॉक्टर म्हणाले, "यानं जरा शांत होईल, पण ते पाय टेकवणं जाणार नाही. ही मस्ती नाही, सवय आहे." तोवर काकांनीही तो खेळ थांबवला होता, कारण वजन झेपेना. खांदा देईनासे झाले, पण ओरडायला मात्र त्यांचा जीव धजेना. पाहुण्याला वाटायचं, काकांना आज बरं नसेल. तो दुसरा खांदा शोधायचा.

तो खांदा सापडला नालबंदाचा. हा नालबंद वर्षानुवर्षं यायचा, मावशीला वहिनी म्हणायचा, नवीन ठिकाणी अवघड घोडा असला की आधी तिला विचारून जायचा. त्या दिवशी तो खूर तासून सरळ उभा राहिला, पाठ ताणली आणि प्रेमाने पाहुण्याच्या मानेवर थाप मारली. पाहुण्याला एवढंच हवं होतं. तो उठला आणि त्याने दोन्ही पाय नालबंदाच्या खांद्यांवर ठेवले. रागाने नव्हे, काकांच्या खांद्यांवर ठेवायचा तसेच. नालबंदाच्या गळ्यापाशी हाड मोडल्याचा आवाज मावशीने दारातून ऐकला.

दवाखान्यात ती त्याच्या उशाशी बसली होती. त्याने तिला दोष दिला नाही. नुसतं विचारलं, "वहिनी, तुम्ही असताना असं कसं झालं?" त्याचा उजवा हात पुढे कधी पूर्वीसारखा वर गेला नाही, आणि हातोडीचं काम त्याला सोडावं लागलं. मावशी त्याच्या घरी दूध पाठवत राहिली. ते त्यांनी घेतलंही. पण ती स्वतः पुन्हा त्यांच्या दारात गेली नाही.

आता पाहुण्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. गुरांच्या डॉक्टरांनी जे सुचवलं ते ऐकून काका खोलीत जाऊन बसले. म्हणाले, "त्याला इंजेक्शन द्यायचं तर मलाही द्या." शेवटी टेकड्यांपलीकडचा एक घोडेवाला तयार झाला. त्याच्याकडे मोठा कळप होता, मोकळी कुरणं होती. तो म्हणाला, "घोड्यांत राहिला तर शिकेल कदाचित. उशीर झालाय, पण बघू. माणसांपासून मात्र लांब ठेवायला हवा."

काही महिन्यांनी मावशीने मला बोलावलं. "गाडी काढ. त्याला बघून येऊ." काका म्हणाले, मला बघवणार नाही. पण निघताना त्यांनी आपली जुनी टोपी मावशीच्या पिशवीत घातली. "त्याला दाखव. ओळखतो का बघ."

कुरणाच्या फाटकापाशी घोडेवाला भेटला. कळप पार तिकडे ओढ्याच्या अंगाला चरत होता. पाहुणा एकटा फाटकाजवळ होता. "हा असाच," घोडेवाला म्हणाला. "कुठे गाडी वाजली की कान टवकारून इथे येऊन उभा. माझ्याकडची एक म्हातारी घोडी त्याच्या मागे लागली आहे. चावते, हाकलते. परवा पहिल्यांदा तिच्या शेजारी चरला. पण बाई, खरं सांगू का, माणूस दिसला की याचं शिकलेलं सगळं पुसलं जातं."

मावशी फाटकाच्या कडीला हात लावून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, परत फिरते. तिने कुंपणाला टेकवलेली काठी उचलली, पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

पाहुण्याने तिला ओळखलं. मी इतका आनंद कधी पाहिलेला नाही. तो खिंकाळत, मान हलवत धावत आला आणि तिच्यासमोर येऊन मागच्या पायांवर उभा राहिला. मावशीने काठी त्याच्या छातीवर मारली. जोरात. "मागे!" तिचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. तो खाली आला. त्याला काही समजेना. त्याने मान खाली घातली, हळूच पुढे आला, तिच्या खांद्याशी नाक आणलं. तिने पुन्हा मारलं. "हो मागे! जा!" तो मागे झाला, तिच्याकडे बघत राहिला. माझ्या हातातल्या पिशवीकडेही त्याने एकदा मान वळवली. टोपीचा वास तिथवर गेला असावा. मग तो वळला आणि कळपाच्या दिशेने, मध्येच थांबून मागे बघत, चालू लागला. मावशीने त्याला हाक मारली नाही. तो म्हाताऱ्या घोडीपाशी पोचेपर्यंत ती तिथेच उभी होती.

गाडीत बसल्यावर ती रडली. मावशीला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी गाडी चालवत राहिले. मग म्हणाली, "तो एवढासा होता तेव्हा हे केलं असतं, तर नुसत्या तळहातानं भागलं असतं. आता बघ कशानं मारलं त्याला. आणि का मारलं ते त्याला अजून कळलेलं नाही."

काका फाटकात वाट पाहत होते. गाडी थांबायच्या आत त्यांनी विचारलं, "ओळखलं का गं त्यानं?"

मावशी उतरली, पदर झटकला. "नाही."

"टोपी दाखवलीस?"

"दाखवली. हुंगली, आणि गेला चरायला. मजेत आहे. चांगला रुळलाय घोड्यांत."

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला समजलं. खरं सांगितलं असतं तर काका दुसऱ्याच दिवशी तिकडे निघाले असते, आणि काकांना बघून तो पुन्हा फाटकाशी येऊन राहिला असता, जन्मभर. काकांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "विसरला म्हणजे," ते म्हणाले. "एवढा हातावर वाढवला, आणि विसरला."

तेव्हापासून काकांना ती एक गोष्ट मिळाली. कोणीही आलं की ते सांगतात: कसा बाटलीनं पाजला, त्याच्यामुळे मी कसा चालायला लागलो, आणि हा पठ्ठ्या चार महिन्यांत टोपीसकट मला विसरला. सांगताना आधी वाईट वाटायचं, आता जरा चवीनं सांगतात. मावशी त्या वेळी नेमकी काही तरी निवडत, पुसत बसलेली असते आणि मान वर करत नाही. सल्ले ती अजून देते, पण मोजके. मागे एक माणूस आईविना शिंगराचं विचारायला आला तर तिने बादलीचं सांगितलं आणि मग विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" तो गोंधळून नाही म्हणाला. "मग जमेल," ती म्हणाली.

परवा मी गेले होते तेव्हा काकांची गोष्ट चालू होती. नवीन दूधवाला ऐकत होता. त्याला काही ती पटेना. तो मावशीकडे वळला. "मावशी, तुम्ही तर गेला होता ना बघायला? घोडा असा माणूस विसरत नाही म्हणतात. खरंच ओळखलं नाही?"

काकाही तिच्याकडे बघू लागले. मावशीच्या हातातलं फडकं थांबलं. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण तिने खिडकीबाहेर बघितलं, गोठ्याच्या बाजूला.

"जनावरच ते," मावशी म्हणाली. "त्याला काय कळतं."

मग ती उठली आणि गाईंना पाणी दाखवायला गेली.